जुन्या लष्करी संगिनी: ओळख, तपासणी आणि मूल्यांकनाची नवशिक्यांसाठी वाट

जुनी संगीन हातात आली की नवा संग्राहक सगळ्यात आधी विचारतो, हिची किंमत किती? हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. नमुना कोणता, शिक्के काय सांगतात, म्यान मूळचं आहे का आणि सैन्यातून बाहेर पडल्यावर कोणी तिच्यावर हात चालवला आहे का, या चार गोष्टी कळल्या की किंमत जवळजवळ आपोआप समोर येते. त्या न कळता पैसे मोजले, तर चकचकीत घासलेल्या साध्या संगिनीला दुर्मीळ संगिनीचा भाव जातो. असे सौदे रोज होतात.

लागणारं साहित्य

- व्हर्नियर कॅलिपर आणि किमान एक मीटरची पट्टी
- १० पट मोठं दाखवणारं भिंग
- छोटी टॉर्च (शिक्के वाचताना उजेड तिरका पाडायला)
- लोहचुंबक
- नायट्राइलचे किंवा सुती हातमोजे
- बिनवासाचं हलकं खनिज तेल, मायक्रोक्रिस्टलाइन मेण, मऊ सुती कापड
- नोंदवही किंवा तक्ता, आणि जवळून फोटो घेता येईल असा कॅमेरा

१. संग्रहाची हद्द ठरवा

सतराव्या शतकातली सुरुवातीची संगीन म्हणजे बंदुकीच्या तोंडात ठोकून बसवायचा खंजीर. ती बसवली की गोळी झाडता येत नसे. त्यावर तोडगा म्हणून नळीभोवती बसणारी, बाजूला वळलेली सॉकेट संगीन आली. एकोणिसाव्या शतकात लांब तलवारी संगिनी आल्या, पुढे आखूड चाकूच्या आकाराच्या आणि दुसऱ्या महायुद्धात साध्या टोकदार सळईसारख्या. या सगळ्यातलं थोडं थोडं घेतलं तर ज्ञान कशातच पक्कं होत नाही. एक देश, एक युद्ध किंवा एका बंदुकीचं घराणं निवडा.

सुरुवातीला मुबलक मिळणारे नमुने घ्या: फ्रेंच १८७४ च्या ग्रा रायफलची संगीन, ब्रिटिश १९०७ चा नमुना, ब्रिटिश क्रमांक ४ रायफलची सळईसारखी संगीन, स्वीडिश १८९६ ची नळीदार मुठीची संगीन. असे नमुने भरपूर असल्याने तुलना करता येते, चूक झाली तर नुकसान थोडं होतं, आणि नकली माल बनवणाऱ्याला त्यात फारसा फायदा नसतो. अगदी जुन्या, नळीत ठोकायच्या संगिनींपासून पहिली काही वर्षं लांब राहा. त्यांच्यावर बहुधा शिक्के नसतात, आणि नकला भरपूर असतात.

२. कायदा खरेदीआधी बघा

प्रत्येक देशात नियम वेगळे आहेत. कुठे ठरावीक वर्षाआधीचं हत्यार पुराणवस्तू मानलं जातं, कुठे पात्याची लांबी बघतात, कुठे परवाना लागतो. परदेशातून मागवताना सीमाशुल्क, टपाल खातं आणि कुरिअर कंपनी या तिघांचे नियम वेगवेगळे वाचावे लागतात. विमानाच्या केबिनमध्ये संगीन नेता येत नाही. रणभूमीवर खणून काढलेल्या वस्तूंना अनेक देशांत वेगळा वारसा कायदा लागू होतो, त्यामुळे मातीतून आलेल्या गंजक्या संगिनीचा उगम लेखी मिळाला नाही तर ती घेऊ नका.

३. अवयव ओळखा आणि तीन मापं घ्या

विक्रेत्याशी बोलताना नावं माहीत हवीत. पातं आणि मूठ यांच्यामधली आडवी पट्टी म्हणजे क्रॉसगार्ड. त्याच्या वरच्या टोकाला बंदुकीची नळी ज्यातून जाते ते नळीचं कडं. खालचं टोक कधी आकड्यासारखं वळलेलं असतं, त्याला क्विलॉन म्हणतात. मुठीच्या शेवटचा धातूचा भाग पॉमेल. त्यात बंदुकीवर सरकवायची खाच आणि अडकवण्याचं बटण असतं. पात्याचा मुठीलगतचा, धार नसलेला चपटा भाग रिकासो, आणि बहुतेक शिक्के तिथेच असतात. पात्यावरची उभी पन्हळ म्हणजे फुलर. तिला ‘रक्त वाहून जाण्याची नाली’ म्हणण्याची पद्धत आहे, ती चूक आहे. पन्हळ पात्याचं वजन कमी करते आणि ताठपणा राखते.

आता मापं: एकूण लांबी, पात्याची लांबी (क्रॉसगार्डपासून टोकापर्यंत) आणि नळीच्या कड्याचा आतला व्यास. तिन्ही मिलिमीटरमध्ये घ्या. ब्रिटिश १९०७ च्या नमुन्याची एकूण लांबी सुमारे ५५२, पातं ४३२ आणि कड्याचा व्यास साधारण १६.५ मिलिमीटर भरतो. दिसायला सारख्या दोन संगिनी बऱ्याचदा कड्याच्या व्यासावरूनच वेगळ्या होतात. व्यास दोन दिशांनी मोजा. दोन मापांत फरक आला तर कडं चेपलेलं आहे.

एक मोठा सापळा इथेच आहे. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात १९०५ च्या नमुन्याची १६ इंची पाती १० इंचांची केली. फ्रान्सने लेबेल रायफलच्या लांब, सुईसारख्या संगिनी १९३५ मध्ये आखूड केल्या. इशापूरच्या कारखान्यातल्या भारतीय नमुन्याचं पातं १२ इंची असतं. माप कमी भरलं म्हणून संगीन तुटकी ठरत नाही. सैन्याने आखूड केलेल्या पात्याचं टोक रेखीव असतं आणि त्यावर बाकी पात्यासारखाच मुलामा चढलेला असतो. घरी कापलेल्या पात्याचं टोक बेढब असतं आणि तिथला धातू वेगळ्या रंगाचा दिसतो.

४. शिक्के वाचा, आणि घाई करू नका

मूल्य इथे ठरतं. टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे पुसट अक्षरांच्या कडांवर सावली पडते. कागद आणि पेन्सिलने ठसा घेतला तरी चालतं. शिक्का खरवडू नका, त्यात खडू किंवा रंग भरू नका.

ब्रिटिश संगिनी: १९०७ च्या नमुन्याच्या रिकासोवर एका बाजूला मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरं, मग ‘१९०७’ हा आकडा, त्याखाली महिना आणि वर्ष, आणि कारखान्याचं नाव असतं. ‘१९०७’ हे नमुन्याचं नाव आहे, बनवल्याचं वर्ष नव्हे. नवशिक्यांकडून सर्वांत जास्त होणारा गोंधळ हाच. खरी तारीख त्याखाली ५ आणि १७ अशी असते, म्हणजे मे १९१७. दुसऱ्या बाजूला सरकारी मालकीचा बाण, तपासनिसांचे मुकुट-आकडे आणि पातं वाकवून घेतलेल्या चाचणीची फुलीची खूण असते. दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असतील, तर ती संगीन सरकारने अधिकृतपणे सेवेतून काढून विकली आहे. जुन्या तारखेशेजारी नंतरच्या वर्षांचे आकडे दिसले तर घाबरू नका, ते पुन्हा तपासून सेवेत घेतल्याचे आहेत.

याच नमुन्यात दोन तारखा पाठ ठेवा. खालचा आकडेदार क्विलॉन १९१३ मध्ये बंद झाला, आणि सेवेतल्या बहुतेक संगिनींच्या क्विलॉनचे वळलेले आकडे नंतर कापले गेले. पॉमेलमधलं आरपार भोक १९१६ पासून आलं, जुन्या संगिनींनाही पुढे दुरुस्तीच्या वेळी ते पाडलं गेलं. म्हणून आकडेदार क्विलॉन शाबूत आणि भोक नसलेली संगीन खूप महाग असते. आणि म्हणूनच तिची नक्कलही होते.

जर्मन संगिनी: साम्राज्यकाळातल्या संगिनींच्या पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, मुकुट आणि राजाचं आद्याक्षर असतं, खाली वर्षाचे शेवटचे दोन आकडे. डब्ल्यू आणि १६ म्हणजे विल्हेल्म, १९१६. याच साम्राज्यातल्या बव्हेरिया राज्याच्या संगिनीवर तिथल्या राजाचं, लुडविगचं एल, सॅक्सनी राज्याच्या संगिनीवर फ्रीडरिश ऑगस्टची दोन अक्षरं. डब्ल्यूच्या तुलनेत ही कमी दिसतात. नाझी काळात कारखान्याच्या नावाऐवजी गुप्त संकेत आले, आणि पात्यावर व म्यानावर एकच क्रमांक ठोकला जाऊ लागला. या क्रमांकांबद्दल पुढच्या पायरीत.

फ्रेंच संगिनी: १८६६ ची शासपो आणि १८७४ ची ग्रा या रायफलींच्या संगिनींच्या पाठीवर वळणदार हस्ताक्षरात कारखान्याचं नाव, महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. सांतेत्येन, शातेलरो, त्यूल ही नावं वारंवार भेटतील. शासपोचं पातं नागमोडी वळणाचं आणि मूठ पितळेची. ग्राचं पातं इंग्रजी टी अक्षराच्या छेदाचं, मूठ लाकडी आणि पॉमेल पितळेचा. लेबेलच्या १८८६ च्या सुईसारख्या संगिनीची मूठ आधी पांढऱ्या मिश्रधातूची असे, नंतरच्या काळात पितळेचीही झाली. लोहचुंबक लावून बघा: ते पोलादाला चिकटतं, पितळेला किंवा या मिश्रधातूला नाही.

जपानी टाइप ३०: सुरुवातीच्या संगिनींना आकडेदार क्विलॉन, गोलाई असलेला पॉमेल आणि पन्हळीचं पातं. युद्धाच्या शेवटी क्विलॉन सरळ झाला, पॉमेल चौकोनी, पन्हळ गेली आणि म्यान लाकडाचंही येऊ लागलं. ओबडधोबड काम बघून कित्येक जण तिला नकली म्हणून परत ठेवतात. कारखान्याचा शिक्का बरोबर असेल तर ते खडबडीतपणच तिचा काळ सांगतं.

५. म्यान आणि क्रमांक जुळवा

म्यानाशिवायची संगीन अपुरी समजली जाते, याला महत्त्वाचा अपवाद रशियन १८९१ च्या मोसिन संगिनीचा. ती चढवलेलीच ठेवायची पद्धत होती. म्यान नाही म्हणून तिचा भाव पाडू नका, आणि कोणी नंतर शिवलेलं म्यान जोडून जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

ग्राचा क्रमांक क्रॉसगार्डवर आणि म्यानाच्या तोंडाजवळ असतो. नाझी काळातल्या ८४/९८ या नमुन्याचा रिकासोवर आणि म्यानावर, आकड्यांखाली बहुधा एक अक्षर. आकडे जुळले पण अक्षर वेगळं, तर जुळलं नाही असंच धरायचं. जुळणारी जोडी न जुळणाऱ्या जोडीपेक्षा बरीच महाग जाते, म्हणून म्यानावरचा जुना आकडा घासून नवा ठोकणारे लोक आहेत. घासलेल्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट असतो, मुलाम्याची छटा वेगळी असते आणि नव्या आकड्याच्या कडा तीक्ष्ण असतात. भिंगाखाली बघितल्याशिवाय जुळणीचे पैसे मोजू नका.

संगीन बाहेर काढताना म्यान नेहमी वरच्या धातूच्या तोंडाशी धरा. जुन्या चामड्याची शिवण उसवलेली असते, आणि मूठभर बोटं शिवणीवर असताना पातं आतून बाहेर येऊ शकतं.

६. बनावट आणि ‘सुधारलेल्या’ संगिनी

पूर्ण नकली संगिनीपेक्षा अस्सल संगिनीत केलेली लबाडी जास्त धोकादायक असते, कारण तिचं वजन, शिक्के, लाकूड सगळं खरं असतं. तीन प्रकार ठळक आहेत.

पहिला करवतीच्या दातांचा. जर्मन ९८/०५ या नमुन्याच्या काही पात्यांच्या पाठीवर करवतीसारखे दुहेरी दात असत. १९१७ मध्ये ते काढून टाकण्याचे आदेश निघाले, त्यामुळे दात शाबूत असलेल्या संगिनींना मागणी आहे आणि साध्या पात्यावर दात पाडले जातात. दातांच्या खोबणीत बघा: बाकी पात्यावर जुनी करडी-तपकिरी छटा आणि खोबणीत मात्र स्वच्छ किंवा एकसारखा काळा धातू असेल, तर दात नवे आहेत. दातांची खोली कमीजास्त असणं हेही वाईट लक्षण. उलट, पाठ एकसारखी घासून बारीक केलेलं पातं दिसलं तर ते सैन्यानेच दात काढलेलं असू शकतं. त्याला स्वतःची किंमत आहे.

दुसरा ब्रिटिश १९०७ च्या नमुन्यातल्या आकडेदार क्विलॉनचा. नंतर जोडलेल्या क्विलॉनच्या मुळाशी वेल्डिंगची रेघ, बारीक छिद्रं किंवा घासल्याचे व्रण सापडतात. शिवाय तारीख बघायची: ब्रिटनमध्ये बनलेल्या १९१५ च्या पात्यावर आकडेदार क्विलॉन शोभत नाही.

तिसरा कोरीव पात्यांचा. जर्मन शिपाई मिरवायला स्वतःच्या पैशाने निकेल चढवलेल्या संगिनी घेत. त्यांच्या पॉमेलच्या खाचेत बऱ्याचदा फेल्टची पट्टी असते आणि त्या बंदुकीवर चढवण्यासाठी नसतातच. यातल्या साध्या पात्यांवर हल्ली पलटणीची नावं आणि घोषवाक्यं कोरली जातात. जुनं कोरीव काम वापराच्या ओरखड्यांखाली असतं. ओरखडा अक्षरापाशी येऊन थांबत असेल आणि अक्षर त्याच्यावरून जात असेल, तर अक्षर नंतरचं आहे.

यांशिवाय मुठीचे स्क्रू बघा. खाचा ओरबाडलेल्या असतील तर मूठ उघडली गेली आहे. मूळ लाकूड धातूला समपातळीत घासून बसवलेलं असतं, बदललेलं बहुधा वर उठून किंवा आत बसलेलं दिसतं. शेवटी बटण दाबा. ते परत उसळलं नाही तर आतली स्प्रिंग तुटली आहे किंवा मळाने अडकली आहे. मळाचा इलाज तेलाने होतो.

७. अवस्था ठरवा

संगीन डोळ्यासमोर धरून पाठीवरून नजर टाका, वाक लगेच कळतो. मग गंज. तपकिरी-काळी, घट्ट बसलेली छटा हे नुकसान नाही. भुरभुरणारा तांबडा गंज चालू आहे, तो थांबवावा लागतो. खड्डे कायमचे राहतात. शिक्क्यांवर खड्डे पडले असतील तर किंमत सर्वांत जास्त उतरते, मुठीलगत दडलेल्या खड्ड्यांनी तेवढी नाही.

धार पाहिली की उगाच खूश होऊ नका, उगाच नाराजही होऊ नका. बऱ्याच सैन्यांत शांततेच्या काळात संगिनी बोथट असत आणि मोहिमेवर निघताना त्यांना धार लावली जाई. ती धार अरुंद, एकसारखी, पात्याच्या लांबीला धरून असते. घरगुती चाकावरची धार रुंद, लाटेसारखी असते आणि आडवे ओरखडे ठेवते. पहिलीने किंमत फारशी बदलत नाही, दुसरीने चांगलीच घसरते.

सर्वांत वाईट म्हणजे पॉलिशच्या चाकावर आरशासारखं केलेलं पातं. कडा गोलावतात, अक्षरं विरघळल्यासारखी दिसतात, मूळ मुलामा जातो. हे परत आणता येत नाही. नंतर क्रोम चढवलेल्या संगिनींचंही तेच.

८. किंमत काढा

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. विक्रीच्या पानावर वर्षभर पडून असलेला आकडा फक्त विक्रेत्याची इच्छा सांगतो.

१. त्याच नमुन्याच्या, त्याच काळातल्या किमान ८ ते १० *पूर्ण झालेल्या* विक्री शोधा. दोन-तीन वर्षांपेक्षा जुन्या नकोत.
२. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराचं शुल्क धरलं आहे का ते बघा. हातोड्याची किंमत १०० आणि शुल्क २५ टक्के असेल तर खरेदीदाराने १२५ मोजले. सगळे आकडे एकाच पद्धतीवर आणा.
३. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा बाजूला ठेवून मधला घ्या.
४. आता तुमच्या संगिनीचे फरक मोजा: म्यान, जुळणारे क्रमांक, मूळ मुलामा, पलटणीचे शिक्के, विरळ कारखाना हे वर नेतात. पॉलिश, बदललेली मूठ, शिक्क्यांवरचे खड्डे, घरगुती धार खाली आणतात.

वाढ-घट ठरवताना अंदाजाने टक्के लावू नका. म्यानासह आणि म्यानाविना अशा दोन्ही विक्री मिळाल्या की फरक बाजारच सांगतो. ‘आजोबांनी अमुक लढाईत आणली’ या कथेला कागदाचा आधार नसेल तर तिची किंमत शून्य धरा. सेवापत्र, फोटो, जुनं पत्र यांत ती वस्तू किंवा तो माणूस ठामपणे ओळखता येत असेल, तरच पुढे बोला.

व्यापाऱ्याला विकताना बाजारभावापेक्षा बराच कमी भाव येतो. त्याला गिऱ्हाईक मिळेपर्यंत पैसे अडकवून थांबायचं असतं, त्यामुळे यात फसवणूक शोधू नका. व्यापाऱ्याकडून घेताना मात्र बिलावर नमुना, अंदाजे काळ आणि ‘अस्सल’ हा शब्द लिहून घ्या. लिहायला नकार मिळाला तर खरेदी थांबवा.

९. साफसफाई कमीत कमी

हलक्या तेलात कापड भिजवून पातं पुसा, एक दिवस राहू द्या, परत पुसा. चालू गंज उरलाच तर सर्वांत बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलासह, अगदी हलक्या हाताने, आणि शिक्क्यांपासून दूर. तारेचा ब्रश, सँडपेपर, आम्ल, व्हिनेगर, पितळ चमकवायची पेस्ट यांतलं काहीही नको. आम्लात बुडवलेलं पोलाद मळकट करड्या रंगाचं होऊन बसतं. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर द्या.

चामड्याच्या म्यानाला तेल पाजू नका. ते मऊ होऊन पसरतं, शिवण सुटते आणि काळे डाग पडतात. आणि चामड्याच्या म्यानात संगीन कायमची ठेवू नका: चामडं ओलावा धरतं, त्यातली आम्लं पातं खातात. म्यान शेजारी, संगीन वेगळी. ओकच्या लाकडाचे खण टाळा, त्यातून आम्लयुक्त वाफ सुटते. हवेतला दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर पोलाद, लाकूड आणि चामडं तिन्हीला मानवतं.

१०. नोंद ठेवा

प्रत्येक संगिनीचं एक पान करा: तीन मापं, सर्व शिक्के जसेच्या तसे, क्रमांक, दोष, खरेदीची तारीख व रक्कम, विक्रेता, बिलाची प्रत. फोटो किमान सहा: दोन्ही बाजू पूर्ण, रिकासोच्या दोन्ही बाजू, पाठ, पॉमेल. म्यानाचे वेगळे. विमा काढताना आणि चोरीची तक्रार करताना हेच कागद लागतात. क्रमांकाचं चिकटलेबल पात्यावर किंवा चामड्यावर लावू नका, त्याचा गोंद डाग पाडतो. सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी क्रॉसगार्डला बांधा. नोंदीची एक प्रत संग्रह ठेवलेल्या जागेपासून दूर असू द्या.